तुमच्याविनाही सहल निघू द्या

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

"मी लातूरला राहतो, वय ४१. आपत्तीनंतर पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतेची सोय उभी करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत मी समन्वयक आहे. पूर असो, दरड असो, फोन आला की निघावेच लागते. घरी शिक्षिका असलेली पत्नी, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि आई. मेहुण्याच्या कुटुंबाबरोबर वर्षातून दोनतीनदा तंबू घेऊन मुक्कामी सहलीला जायचे, हा आमचा शिरस्ता होता. २०२५ च्या सप्टेंबरात नळदुर्ग परिसरातली सहल मी पुरामुळे रद्द केली. दिवाळीतली म्हैसमाळची सहल विहिरींच्या कामात बुडाली. जानेवारीत निघालो खरे, पण दोन्ही दिवस मी फोनवर होतो आणि उरलेला वेळ तंबूंच्या जागा बदलत होतो. पत्नी म्हणाली, 'तुम्ही सहलीला आलात की इथंही छावणी चालवताय?' मुलगी आता सहलीचे नाव काढत नाही. 'पप्पा, मला पूर आलेल्या गावात घेऊन चला' एवढेच म्हणते. आई औसा तालुक्यातली. किल्लारीच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले आहेत. ती म्हणते, 'हौसेनं कोण पालात ऱ्हातंय व्हय?' लोकांची घरे वाहून गेलेली बघून यायचे आणि तंबूत मौज करायची, याची मलाही लाज वाटते. काम सोडू की सहली?"

उत्तर

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेच मला पटलेले नाही. काम सोडण्याचा विचार तुमच्या मनात खरोखर आहे, असे बाकीचे पत्र वाचून वाटत नाही. आणि सहली सोडण्याचा निर्णय तर तुम्ही केव्हाच घेऊन टाकलेला दिसतो. सप्टेंबरची रद्द, दिवाळीची रद्द आणि जानेवारीची निम्मी. निवड झालेली आहे, फक्त ती घरात कोणाला सांगितलेली नाही. मुलीने सहलीचे नाव काढणे बंद केले, ते ती समजूतदार झाली म्हणून नव्हे, तर तिला तुमचा निर्णय न सांगता कळला म्हणून, असा माझा अंदाज आहे. तेव्हा प्रश्न जरा बदलून घेऊ. तुमच्या घरात नेहमी एकाच गोष्टीने माघार घ्यायची, हे कधी आणि कोणी ठरवले?

लाजेचे आधी उरकते. सीना नदीच्या पुरात ज्यांच्या जमिनी खरडून गेल्या, त्यांना तुमची मुले म्हैसमाळला न गेल्याने काहीही मिळत नाही. तुम्ही उदास राहिल्याने एकाही विहिरीचा गाळ निघत नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. तुमच्या आईंचे म्हणणे मात्र वेगळे आहे, त्याकडे पुढे येते.

"फोन आला की निघावेच लागते" हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. आपत्तीत पहिल्या ७२ तासांना जे महत्त्व असते, ते अडकलेल्यांना शोधून बाहेर काढण्याच्या कामाला असते. ते काम राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे आहे, ज्याची एक बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. ते राज्याच्या दलाचे आणि लष्कराचे आहे. आणि या सगळ्यांच्या आधी पोहोचणाऱ्या, गावातल्याच पोहता येणाऱ्या आणि ट्रॅक्टर घालता येणाऱ्या पोरांचे आहे. सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांत पाण्याने वेढलेल्या माणसांसाठी होड्या आणि हेलिकॉप्टर गेली, तेव्हा तुमच्या टीसीएलच्या, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या ब्लीचिंग पावडरच्या, गोण्या गोदामात असणेच योग्य होते. तुमचे काम पाणी ओसरू लागल्यावर सुरू होते. गाळाने भरलेली विहीर उपसायची, टीसीएल टाकायचे, अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी चाचणी) घ्यायची, शाळेत मुक्कामाला आलेल्या कुटुंबांना माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी मिळते आहे ना ते मोजायचे, वीस माणसांमागे एक शौचालय तरी उभे राहते का ते पाहायचे, आणि गावाचा जलसुरक्षक स्वतः हे करू लागेपर्यंत परत परत जायचे. हे आठवड्यांचे काम आहे, कधी महिन्यांचे. तुमची दिवाळी त्यातच गेली, यावरून ते उघडच आहे.

अशा कामात पथक शुक्रवारी निघाले की सोमवारी, याने फरक पडत नाही असे मी म्हणणार नाही. अतिसाराची साथ कोणाच्या सुट्टीसाठी थांबत नाही. परंतु त्या पथकात तुम्ही आहात की तुमचा सहकारी, याने फरक पडता कामा नये. तसा तो पडत असेल, तर ती संस्थेच्या नियोजनातली उणीव आहे, आणि ती उणीव तुम्ही वर्षानुवर्षे आपल्या कुटुंबाच्या शनिवार-रविवारांनी भरून काढत आला आहात. संस्थेला त्याची सवय झाली असेल तर नवल नाही. न मागता मिळणारी गोष्ट कोण मोजतो?

म्हणून पहिले काम घरात नाही, कार्यालयात आहे. जून ते ऑक्टोबर या महिन्यांसाठी लेखी पाळीपत्रक मागा, ज्यात दर आठवड्याला निघणाऱ्याचे एक आणि राखीव असे एक नाव असेल. आपल्या पाळीत आलेला फोन आपला, दुसऱ्याच्या पाळीत आलेला दुसऱ्याचा. टीसीएलची मात्रा काढणे, टाकी बसवणे, तलाठी आणि ग्रामसेवकांशी बोलून जागा मिळवणे, यांपैकी जे आज फक्त तुम्हालाच येते, ते पावसाळ्याआधी निदान दोघांना शिकवा. लांबलेल्या दौऱ्यानंतर बदली रजा मिळावी, असा अर्जही याच वेळी द्या, आणि ती रजा त्याच महिन्यात घेता आली पाहिजे, हे त्यात स्पष्ट लिहा. साठवलेल्या रजेचे काय होते, हे नोकरी करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

याला अपवाद असतील, आणि ते घरी आधीच ठरवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसर कोसळला, त्या दिवशी कोणी पाळीपत्रक उघडून बसले नसते, आणि तशी वेळ पुन्हा आली तर तुमच्या पत्नीच तुमची पिशवी भरतील. आपल्या जिल्ह्यातली किंवा शेजारच्या जिल्ह्यातली मोठी आपत्ती असेल तर पाळी असो-नसो मी जाणार, पण केरळातली दरड असेल तर फक्त माझ्या पाळीत, अशी जी काही रेषा दोघांना मान्य होईल, ती आखा. ती अशीच असावी असा माझा आग्रह नाही; फोन वाजायच्या आधी ती आखलेली असावी, एवढाच आहे. आणि किल्लारीचीच आठवण काढली आहे तर हेही लक्षात घ्या, की त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्याचे काम काही वर्षे चालले होते. इतके दिवस पुरणारे काम एका दमात कोणालाच करता येत नाही.

आता जे लिहिणार आहे, ते तुम्हाला रुचणार नाही. तुमची पाळी नसेल तेव्हा तुम्ही सहलीला जाल, हे ठीक. पण तुमची पाळी असताना फोन आला आणि सहल ठरलेली असेल, तर ती रद्द करू नका. तुमच्याविना निघू द्या. सप्टेंबरात नळदुर्गच्या बाजूला जाणे हवामानामुळेच शक्य नव्हते, ते सोडून देऊ. परंतु दिवाळीत म्हैसमाळला उघडीप होती, मेहुणे होते, त्यांची मुले होती, तंबू होते. अडकलेले फक्त तुम्ही होता. मग सगळ्यांची सहल का गेली? तुमच्या पत्नी वर्गातली पन्नास मुले सांभाळत असतील. त्यांना चार खुंट्या ठोकता येणार नाहीत, असे तुम्हाला वाटते काय? "पप्पांशिवाय मजा नाही" असे मुले म्हणतील, आणि तुम्हाला ते ऐकायला बरेही वाटेल. तरीही त्यांना जाऊ द्या. प्रत्येक सहल तुमच्यावर टांगलेली असते, म्हणून प्रत्येक पूर मुलांना आपला वैरी वाटू लागतो, आणि त्या पुरात सापडलेली माणसेही. सहल होणारच आहे आणि पप्पा कधी असतील, कधी नसतील, हे एकदा त्यांच्या अंगवळणी पडले, की तुमचे जाणे त्यांच्यासाठी शिक्षा राहणार नाही. परत आल्यावर त्यांनी सांगितलेल्या गमती ऐकताना तुम्हाला थोडी टोचणी लागेल. तेवढी सोसा.

दिवस कोणते निवडावेत, याबाबतीत मराठवाड्याचे पंचांग तुमच्या बाजूचे आहे. पावसाळ्यात आणि परतीच्या पावसात तुमचे फोन वाजतात. एप्रिल-मेमध्ये वळवाचे पाऊस आणि विजा असतात, आणि तंबूचे कापड विजेपासून कोणतेही संरक्षण देत नाही, हे तुम्ही दुसऱ्यांना बजावत असाल. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हेच महिने आपल्याकडे उघड्यावर झोपण्याचे. गौताळ्याचे जंगल, पैठणला नाथसागराच्या काठी उतरणारे पाहुणे पक्षी, येडशीचा रामलिंग घाट, उदगीरजवळचे हत्तीबेट, सगळे याच दिवसांत पाहावे असे. अभयारण्यात मुक्कामासाठी वनविभागाला आधी विचारावे लागते आणि किल्ले-लेण्यांच्या आवारात तंबू ठोकता येत नाही, एवढे पाळले की झाले. २०१४ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने आपल्याला गाठले होते आणि भूकंप महिना बघत नाही, म्हणून हे चार महिने पूर्ण निर्धास्त, असे मी म्हणत नाही. पण शक्यता इथे तुमच्या बाजूने जास्त आहेत. वर्षातल्या तीन सहलींपैकी दोन या काळात ठेवा आणि पावसाळ्यात मुक्कामी सहल मुळीच ठरवू नका. कपिलधार किंवा सौताड्याचा धबधबा बघायचा तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. ठरवलीच नाही, तर मोडणार नाही.

आणि याच काळात येळवस येते. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर-धाराशिवकडचे गावच्या गाव शेतात असते. कडब्याची कोप घालून तिच्यात पांडव मांडायचे, भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन आप्तेष्टांसह दिवसभर पिकात बसायचे, संध्याकाळी हेंडगा (पेंढी) पेटवून शेताला फेरी मारायची. शहरात राहणारेही त्या दिवशी गावाकडे जातात. गावाकडे तुमचे शेत असेल तर तिथे, नसेल तर ज्या नातेवाइकांच्या शेतात तुम्ही दरवर्षी जाता तिथे, त्या रात्री परतू नका. तंबू तिथेच ठोका. रात्री ज्वारीच्या पिकात गारठा असतो, पांघरुणे जास्त घ्या. विंचू-काट्याची काळजी घ्या, सकाळी बूट झटकल्याशिवाय कोणी घालू नये.

हे मी मुख्यतः तुमच्या आईंसाठी सुचवते आहे. तुम्ही त्यांचे वाक्य विनोद म्हणून लिहिले आहे, पण ज्या बाईने रात्री-बेरात्री जमीन हादरेल म्हणून मुलांना अंगणात झोपवले आणि नंतर पत्र्याखाली ऊन आणि पाऊस काढला, तिला कापडाच्या छताखाली नातवंडे झोपलेली पाहून काय आठवत असेल, याचा विचार तुमच्याकडून राहून गेला आहे. तुम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असाल. शेड तुम्हालाही आठवत असणार, आणि पुढे तुम्ही हेच काम का धरले, याचे उत्तर कदाचित तिथे असेल. ते शोधणे तुमचे तुम्ही करा. आईंना सहलीला चला म्हणून आग्रह करू नका. येळवसीला शेतात त्या येतीलच. रात्री थांबल्या तर ठीक, नाही थांबल्या तर त्यांना संध्याकाळी घरी पोचवा आणि परत या.

दौऱ्यावरून आल्यावर लगेच सहलीला निघू नये, ही माझी स्पष्ट सूचना आहे, आणि तिच्यामागे दोन कारणे आहेत. एक शरीराचे आहे. पुराच्या पाण्यातून आणि चिखलातून फिरणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, हे तुम्ही जाणता. पण त्याचा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिनाभरानेही, म्हणजे तो नेमका घरी आल्यावर किंवा गौताळ्यात असताना चढणार. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, यांपैकी काही झाले तर 'दगदग झाली' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि पुराच्या पाण्यात होतो हे न विचारता सांगा, कारण ते सांगितल्याशिवाय त्यांना सुचेलच असे नाही. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, हे निघण्यापूर्वीच त्यांना विचारून ठेवा. दौऱ्यातले बूट आणि कपडे मुलांच्या सामानात मिसळू नयेत, हे सांगायला नको.

दुसरे कारण जानेवारीत तुम्ही तंबूंच्या जागा बदलत होता, त्यात आहे. उतार कुठे, पाणी कुठून येईल, शौचाला कोण कुठे जाईल, दोर कुठे ढिला आहे, हे बघणारी नजर अनेक आठवडे चालू राहिली की ती आपोआप बंद होत नाही. घरी निदान दोनतीन दिवस काहीही न ठरवता काढा. भाजी आणा, मुलाचा गृहपाठ घ्या, झोपा. झोप लागत नसेल, चिखलाचा वास नाकातून जात नसेल, लहानसहान आवाजाने दचकायला होत असेल, आणि हे महिनाभर टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे. तुमच्या क्षेत्रात याला कमीपणा समजण्याची रीत आहे. ती रीत वाईट आहे.

सहलीत तुम्ही काय करावे, याचे उत्तर थोडके आहे. कारभार पत्नीकडे किंवा मेहुण्यांकडे द्या आणि तंबूची जागा मुलीला निवडू द्या. जागा नदीच्या पात्रात किंवा झाडाच्या वाळक्या फांदीखाली असेल तरच बोला. नुसती उंचसखल असेल तर रात्रभर पाठीत खडा टोचू द्या, सकाळी ती स्वतःच दुसरी जागा शोधेल. संस्थेची ताडपत्री किंवा संस्थेचा तंबू कधीही नेऊ नका. तीच पिवळी ताडपत्री, तोच नायलॉनचा दोर हातात आला की हात तेच काम करू लागतात, आणि शिवाय ती वस्तू ज्यांच्यासाठी आहे त्यांची आहे. फोन सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा बघायचा. मधल्या वेळात राखीव सहकाऱ्याने काय करायचे, हे तुम्ही त्याला निघण्याआधी सांगितलेले असेल. रेंज नसलेली जागा मिळाली तर उत्तम.

या सगळ्यावर पत्नींचे म्हणणे काय, हे तुमच्या पत्रातून मला कळले नाही. त्यांचे एकच वाक्य तुम्ही दिले आहे, आणि त्यात राग कमी आणि निरीक्षण जास्त आहे. पाळीपत्रक भरण्याआधी त्यांच्याजवळ बसा. तुम्ही नसताना आई, शाळा आणि दोन मुले त्या कशा सांभाळतात, तेवढे त्या दिवशी फक्त ऐकून घ्या, उपाय सुचवू नका. कदाचित त्यांना सहलीपेक्षा एखादा रविवार एकटीने हवा असेल.

राहिली मुलीची मागणी. पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तिला नेऊ नका. तिथे तुम्हाला तिच्याकडे बघायला वेळ नसतो, साथीचा धोका असतो, आणि ज्यांचे सामान रस्त्यावर वाळत पडलेले आहे, त्यांना कोणाच्या मुलीने येऊन पाहावे, असे वाटत नाही. परंतु तिची मागणी कायमची धुडकावू नका. सहल मागणे सोडून ती तुमच्याबरोबर राहण्याचा दुसरा मार्ग शोधते आहे. वार्षिक परीक्षा झाल्यावर, तुम्ही नुसत्या पाहणीसाठी ज्या गावात जाणार असाल, तिथे तिला एक दिवस घेऊन जा. सकाळी निघा, तिथल्या शाळेतल्या मुलांबरोबर तिला ओटी टेस्ट करू द्या. नळीतले पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे आणि नाही झाले तर पुन्हा टीसीएल, एवढे अकरा वर्षांच्या मुलीला नीट कळते. कोणाचेही फोटो काढायचे नाहीत, हे तिला आधी सांगा. सरपंचांना दोन दिवस आधी फोन करा, जेवणाचा डबा घरून न्या, आणि धाकट्याला या खेपेला का नेत नाही, हे त्याला निघायच्या आदल्या रात्री नव्हे तर आठवडाभर आधी सांगून टाका.